श्यामकांतचा उंच स्टो

श्यामकांत कोठारे गिरगावात आमच्याच वाडीत राहायचा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, तरी आमचं अरे-तुरे होतं. घर पठारे प्रभूंचं. आजोबांची माहीमला जमीन होती म्हणे. त्यातलं श्यामकांतच्या वाट्याला काही आलं नाही. माशांची पारख तेवढी आली.

परळच्या एका लहान कारखान्यात तो ड्रॉइंग करायचा. तिथे घासलेटचे स्टो बनत. बाकीचे लोक टेबलाशी बसून स्टो काढत. श्यामकांतचं म्हणणं वेगळं होतं.

"जिला त्यावर रांधायचंय, तिला आधी रांधताना बघावं. पेन्सिल मग हातात घ्यावी."

मी नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. असं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता.

वर्षभर तो लालबाग, करी रोडच्या चाळींतून फिरला. आदल्या दिवशी निरोप धाडायचा, दुसऱ्या दिवशी जायचा. देतील त्या खुर्चीवर बसायचा आणि बघायचा. वाडीत थट्टा चाले. त्याची बायको मृणालिनी माझ्यासमोरच म्हणायची, "घरी भाकरी करपली तरी लक्ष नसतं. लोकांच्या चुली बघायला मात्र पायात चपला तयार."

त्याने जे पाहिलं ते सगळीकडे सारखं होतं. स्टो खोक्यावर ठेवलेला. बाई उभी. खोका बुटका, म्हणून कंबरेत वाकलेली. श्यामकांतच्या मनाला ते लागलं. त्याने कंबरेइतक्या उंच पायांचा स्टो काढला. ना खोका, ना वाकणं. कारखान्याचे मालक अप्पा खूश झाले. हा स्टो बाजारात चालला की श्यामकांतला भागीदार करायचं, असं ते बोलूनही गेले. पायांचं लोखंड आलं. जाहिरात लिहायला मला बोलावलं.

नमुन्याचा एक स्टो लालबागला आनंदीबाईंकडे दिला होता. त्या मालवणच्या. नवरा गेल्यावर खानावळ चालवत. गिरणीतले बरेच गडी त्यांच्याकडे जेवत. "चल, बघून ये. त्याशिवाय काय लिहिणार?" असं म्हणत श्यामकांत मला घेऊन गेला.

ते छप्पन सालच्या जानेवारीतले दिवस होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं रेडिओवर सांगून झालं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दुकानं बंद होत होती. आनंदीबाईंनी खुर्ची पुसून दिली. नव्या स्टोशी उभं राहून चहा केला. श्यामकांत माझ्याकडे बघून हसला. इतक्यात कुणीतरी ओरडत जिना चढलं. खाली गोळीबार झाला होता. कर्फ्यू लागला.

आम्ही तिथेच अडकलो.

सकाळी गिरण्या बंद होत्या. सगळे गडी घरात. सगळ्यांचं जेवण एकदमच करायचं होतं. राजाराम नावाच्या एका जॉबरने, गिरणीतल्या मुकादमाने, श्यामकांतच्या पुढ्यात लसूण ओतला. "सोला सायब. हयसर फुकट कोण जेवणा नाय." श्यामकांत खुर्ची सोडून भिंतीला टेकला आणि लसूण सोलू लागला. इस्त्रीचा शर्ट केव्हाच चुरगळला होता.

आनंदीबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं. मग पाट ओढला आणि बसल्या.

पाय पसरून, परात दोन पायांत धरून त्या भाकऱ्या थापू लागल्या. जुना स्टो जमिनीवर, उजव्या हाताशी. मागे शेगडी, डाव्या हाताला पाणी. उठायची गरजच नव्हती. गरज पडली ती एकाच गोष्टीसाठी. भाताचा टोप नव्या स्टोवर होता. तो ढवळायला त्यांना दर वेळी गुडघ्यावर हात टेकून उठावं लागे.

श्यामकांतचे हात थांबले.

"आनंदीबाई, तुम्ही बसून करता?"

"मग? आडवी पडून करू?"

गडी हसले.

"पण मी यायचो तेव्हा तर..."

"तेव्हा तुमी पावणे. पावण्यापुढे फतकल मारून बसतलंय काय? म्हणान स्टो खोक्यार ठेवन उबी रवलंय."

"आणि बाकीच्या घरांत?"

"त्येंका काय रीतभात नाय?"

तेवढ्यात टोप कलंडला. भरलेला टोप जड होता, त्यात भाताला उकळी आली आणि उंच पाय डगमगले. पेज धारेने खाली आली, पाटाच्या कडेवर, परातीत. आनंदीबाई क्षणभरापूर्वीच पाणी घ्यायला डावीकडे कलल्या होत्या. राजारामने फडक्याने टोप सावरला.

आनंदीबाईंनी भिजलेलं पीठ बाजूला केलं. "कोठारेनू, ह्या तुमच्या घोड्याक वायच खाली बसूक शिकवा," एवढंच म्हणाल्या.

सगळे पुन्हा हसले. श्यामकांत त्या पाटाकडे बघत राहिला.

कर्फ्यू उठल्यावर तो घरी न जाता थेट परळला गेला. मी बरोबर होतो. अप्पांचं घर कारखान्याच्या माडीवरच होतं.

"हा स्टो बाजारात आणायचा नाही," श्यामकांत म्हणाला. "कुणीतरी भाजेल."

"अरे, बायका उभ्यानं करतात हे तूच सांगितलंस ना?"

"माझ्यापुढे उभ्या राहिल्या त्या. मान म्हणून. मी मानाचं ड्रॉइंग काढलं."

अप्पांना पटेना. "आमची दुर्गा रोज उभी असते. मी डोळ्यानं बघतो." ते उठून आत गेले. बाहेरून मला दिसलं, अप्पांच्या पत्नी दुर्गावहिनी विळीवर बसल्या होत्या. अप्पांची सावली पडताच पदर सावरून उभ्या राहिल्या.

"बघ! उभी आहे!" अप्पा आतून ओरडले.

वहिनीच म्हणाल्या, "तुम्ही आलात म्हणून उठले. बाहेर जा, म्हणजे बसते."

अप्पा बाहेर आले. खाली कारखान्यात येऊन पडलेल्या पायांच्या लोखंडाकडे वाकून बघितलं. शेवटी म्हणाले, "स्टो बुटका कर. पण लोखंड आलंय, ते काही परत जात नाही. भागीदारीचं आता विसर."

"विसरलो," श्यामकांत म्हणाला.

इतक्या सहज. मी थक्क झालो. वर्षभराचं काम त्याने एका वाक्यावर मोडलं, आणि परतताना माझ्याशी बोलला तो पापलेटाच्या भावावर.

त्यानंतर निरोप धाडणं त्याने बंद केलं. जाताना मृणालिनीला बरोबर न्यायचा. आधी ती रागावली, मग तिला गोडी लागली. ती आत पाटावर बसून भाजी निवडायची. तो दाराबाहेर, स्वयंपाकाकडे पाठ करून.

बुटक्या स्टोचा पहिला नमुना आनंदीबाईंकडे गेला, तेव्हा मी जाहिरातीचा मजकूर घेऊन लालबागला पोचलो. श्यामकांत गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून बसला होता.

"काय बघतोयस?"

"बघत नाहीये. ऐकतोय. भाकरीचा हात थांबतो का, ते."

आत थापण्याचा आवाज एकसारखा चालला होता. थोड्या वेळाने मृणालिनी दाराशी आली. हाताला पीठ.

"आनंदीबाई तुम्हाला आत बोलावतायत," ती त्याला म्हणाली. "पण म्हणाल्या, आधीच सांगून ठेव. मी काय उठूचंय नाय."

श्यामकांतने चपला काढल्या आणि आत गेला.