सुकलेलं रबर

गाडी मागे घसरायला लागली तेव्हा मी मागच्या सीटवर तांदळाच्या दोन गोण्यांच्या मधे बसले होते. मलाही वजन म्हणूनच बसवलं होतं. भावाने ब्रेक दाबला, हँडब्रेक खेचला, तरी गाडी थांबेना. वर रस्त्यावर सगळी आळी तमाशा बघायला उभी. कोणीतरी ओरडलं, "म्हातारी आत हाय रे!" मग दणका बसला. माझं डोकं काचेवर आपटलं आणि गाडी आमच्या उकिरड्याच्या दगडी कठड्यावर मागून चढून तिरकी उभी राहिली.

भाऊ माझ्यापेक्षा लहान. मुंबईत त्याने जन्मभर टॅक्सी चालवली. बायको गेल्यावर तो मुरबाडकडे माझ्या घरी राहायला आला. येताना कपड्यांची एक बॅग आणि टेम्पोवर घातलेला त्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा सांगाडा आणला. तेव्हापासून अंगणातल्या करंजाखाली तो त्या गाडीच्या पोटात शिरलेला असायचा. जेवायला हाक मारली की फक्त पाय हलायचे. शेवटी इंजिन चालू झालं. दिवेही लागले. पण आमचं घर रस्त्याच्या खाली आहे आणि वर जायला खडीची चढण आहे. गाडी अर्ध्यावर जायची, मग मागची चाकं जागच्या जागी फिरायची आणि खडी माझ्या तुळशीवर उडायची.

माझ्या मुलाने तेव्हा टेम्पो घेतला होता. तो लावायला अंगणात जागा नव्हती. तो म्हणाला, "मामा, येत्या रविवारी चढली तर राहू दे इथं. नाय चढली तर भंगारात. मग तोंड पाडायचं नाय."

"चढंल रे," भाऊ म्हणाला. "तुझ्यासारखी आळशी नाय ती."

तो हसत बोलला, पण त्या रात्री भाकरी अर्धी टाकून उठला. गाडीशिवाय त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला चढणीच्या बाजूला उभं केलं. "ताई, नीट बघ. एकच चाक फिरतंय का दोन्ही?"

"दोन्ही."

"मग आत काय बिघाड नाय. पकडच नाय." या गाडीला इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो आणि गाडी मागून हलकी, हे त्याने मला समजावून सांगितलं. त्याने हवा कमी करून बघितली. डिकीत विटा भरून बघितल्या. मग टायरमधे खिळा दाबला. खिळा रुतला नाही. टायरवर बारीक भेगा पडलेल्या होत्या. त्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "रबर सुकलंय गो. पार दगड झालाय."

सुकलंय म्हणाला, ते मी ऐकलं. सुकलेल्याला काय लावतात ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे करंजाच्या बियांचं तेल घरात असतंच. करंजेल म्हणतात त्याला. भेगाळलेल्या टाचांना तेच, नांगराच्या लाकडाला तेच, बैलाच्या खांद्याला तेच. तो देवळाकडे गेला की मी बसून चारही टायरना करंजेल चोळायचे. मागच्या दोन्हींना जास्त. भेगांमधे बोट घालून घालून. काळेभोर दिसायला लागले तेव्हा मला बरं वाटलं.

गाडीची चाकं आता पायथ्याशीच फिरायला लागली. भाऊ डोकं धरून बसला. "ताई, आधी अर्ध्यावर तरी जायची." करंजेलाला वास उग्र, पण अंगणात बिया वाळत घातलेल्या होत्या, त्यामुळे त्याला वेगळं काही वाटलं नाही. शनिवारी तो एसटीने शहापूरला गेला, तिथे त्या मापाचे मिळाले नाहीत म्हणून पुढे कल्याणला गेला, आणि संध्याकाळी मागच्यासाठी दोन टायर घेऊन आला. जुनेच, पण मऊ, खाचा शाबूत असलेले. ते बसवून तो आनंदाने आंघोळीला गेला. मी मनात म्हटलं, हे सुकायच्या आधीच लावलेलं बरं. बाटली तिथे संपवली.

रविवारी जे झालं ते वर सांगितलं आहे.

मला दार उघडून बाहेर काढलं. भाऊ आधी माझ्याकडे आला, कपाळ बघितलं, मग चाकापाशी बसला. टायरवरून बोट फिरवलं आणि नाकाला लावलं.

"करंजेल?"

मी म्हटलं, "तूच बोललास ना, सुकलंय."

वरून कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "आये, टायर म्हणजे टाच हाय का तुझी?" मी आळीत सगळ्यांच्या चुका तोंडावर सांगणारी बाई. सुना मला टरकतात. त्या दिवशी मला तोंड कुठे लपवू कळेना. भाऊ तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "ताई, मला इचारायचं होतं." एवढंच. मी उभ्या जन्मात कोणाला विचारलेलं नाही, आणि त्यालाही विचारलं नाही.

राख आणि साबणाने टायर धुतले असते तर गाडी चढली असती, असं तो म्हणतो. पण दगडावर आदळून मागच्या चाकांचा आस वाकला होता. मुलाने थोडं थांबू म्हटलं. भावानेच नको म्हटलं, ठरलं ते ठरलं. भंगारवाला ती ओढून वर नेत होता तेव्हा तो मागून ढकलत होता. मी घरात बसून होते. बाहेर यायला माझी हिंमत झाली नाही.

आता तिथे टेम्पो उभा असतो. मी तेलाची बाटली घेऊन तिथून गेले तरी सून आतून हाक मारते, "आत्या, टायर सोडून काय पण!" भाऊ ओटीवर असतो. ऐकतो आणि दुसरीकडे बघतो. मीही त्याच्याकडे बघत नाही.

माझ्या कपाळावर तीन टाके पडले. त्याला काही लागलं नाही. गाडीत आम्ही दोघंच होतो, आणि दोघंही जिवंत आहोत.