हेडरची तपासणी बंद होती

नेटवर्कवरून डिस्कवर काही लिहायचं, तर निरोपाचे दोन भाग असतात. पुढे हेडर, म्हणजे कुठे लिहायचं आणि किती. मागे खरा माल. पुण्याच्या कंपनीत मी हेच काम करायचे आणि दर मीटिंगमध्ये एकच रड गायचे, की हेडरची तपासणी मालापासून वेगळी हवी. हेडरलाच पडताळणीचा एक आकडा जोडा, तो जुळला नाही तर निरोप घेऊच नका. क्रेटमधला टोमॅटो कितीही ताजा असला तरी वरची चिठ्ठी बदलली तर तो भलत्याच गाळ्यावर उतरतो, हे नारायणगावचा बाजार पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. तिथे सांगावं लागायचं. "स्पीड कमी होतो," असं म्हणून पुढचा विषय निघायचा.

आता मी कळंबला घरूनच काम करते. आपलंच खरं ठरावं ही माझी जुनी हौस. यंदा ती पुरती फिटली.

जुन्नरच्या एका फोटो स्टुडिओतून फोन आला. आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांचं शूटिंग तिथल्या चाचांनीच केलेलं, त्यामुळे नाही म्हणता येईना. गेले तर काउंटरसमोर माझ्याच वयाची एक बाई बसली होती. माहेर मढचं, नोकरी दवाखान्यात. तिचे वडील बौद्धाचार्य. गावोगावची लग्नं त्यांनी लावली, मागच्या वर्षी लेकीचंही स्वतःच लावलं, आणि या उन्हाळ्यात गेले. लग्नाचा अल्बम घरी आला होता, व्हिडिओ न्यायचा राहूनच गेला होता. त्यांचा आवाज आता फक्त त्या व्हिडिओत होता.

चाचांनी फाईल लावली. वडील पांढऱ्या कपड्यांत उभे राहतात, हात जोडतात, वंदनेसाठी तोंड उघडतात, आणि एकदम कुणाच्या तरी हळदीचा डीजे सुरू होतो. तो थांबतो तेव्हा वंदना संपलेली असते, लोक फुलं टाकत असतात.

"बेटी, फाईल तर पुरी दिसतीया. मंग ह्यो डीजे मधीच कुठनं आला?" चाचा घाबरले होते.

मी बसून शोधलं. स्टुडिओतलं सगळं शूटिंग नेटवर्कवरून एकाच मोठ्या डिस्कवर जायचं. त्यातलं जुनं नेटवर्क कार्ड मधूनच हेडरमधल्या पत्त्याचा एक अंक बदलायचं आणि त्या चुकीच्या पत्त्यावर स्वतःच 'ठीक' असा शिक्का मारून पुढे ढकलायचं. हेडरची तपासणी चालू असती तर डिस्कनं तो निरोप घेतलाच नसता. पण लग्नाचं शूटिंग त्याच संध्याकाळी रिसेप्शनला दाखवायची टूम निघाली, कॉपी लवकर होईना, म्हणून यंत्रणा बसवणाऱ्यानं मालाची तपासणी तेवढी ठेवली आणि हेडरची बंद केली. माल चोख पोचला. हळदीतला कण न् कण शाबूत होता, फक्त तिच्या वडिलांच्या आवाजावर जाऊन बसला होता. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड तर कधीच पुसून पुढच्या लग्नाला गेलं होतं. सगळेच स्टुडिओवाले तसं करतात.

पुसलेलं कधीकधी परत मिळतं. ज्याच्यावर दुसरं लिहिलं गेलं ते मिळत नाही. हे तिला मलाच सांगावं लागलं. मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

"तोंड उघडत्यात तिथपतुर लावा," ती म्हणाली. लावलं. पुन्हा लावलं. मग तिनं विचारलं, "ही हळद कुणाची?"

चाचांनी घर ओळखलं, पलीकडच्या गावातलं. त्यांची फाईल उघडली तर ऐन नाचात अंधार. त्यांनी अजून पाहिली नसावी. मी म्हटलं, यातला तुकडा काढून त्यांच्यात जोडता येईल, त्यांचं सगळं परत मिळेल.



"द्या त्यांचं त्यांना. माज्यात मातुर तिथं काय टाकू नका," ती म्हणाली. "आप्पा म्हणत्यात ते समदं मला पाठ हाय ओ ताई. आवाज कुठनं आणू?"

मी नाच कापला आणि त्यांच्या फाईलमध्ये जोडला. इतका बरोबर बसला की जोड कुठे आहे ते त्या घरात कुणाला कधी कळणार नाही. तिच्या फाईलमध्ये वडील तोंड उघडतात, आणि मग बराच वेळ काहीच नाही.