भाऊ, थांबजो

गोंडपिपरी-चंद्रपूर रस्त्यावर अश्वजितची प्रवासी जीप चालायची, आणि जीपपेक्षा जास्त त्याचा फोन चालायचा. वाटेवरच्या गावातून कोणीतरी म्हणायचं, "भाऊ, थांबजो, निघूनच राह्यलो." मग हा एका हाताने स्टिअरिंग धरून "ये, ये" म्हणायचा. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. असंच "ये, ये" करताना एकदा नाक्यावर सापडला. आधीची चलानंही फोनचीच होती. लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित झालं.

जीप उभी ठेवून घर कसं चालणार? बायकोला, रिनाला, त्यानेच मोठ्या हौसेनं लायसन काढून दिलं होतं; गाडीला मात्र कधी हात लावू दिला नव्हता. आता चावी द्यावी लागली. रिनाने पहिल्याच दिवशी फोन पिशवीत टाकला आणि सगळ्यांना सांगितलं, "चालवताना मी फोन उचलणार नाई. येळेवर रस्त्यावर उभे राहा." लोकांनी आठ दिवस बोंब मारली. मग मुकाट्याने वेळेवर उभे राहू लागले.

मुदत संपली तसा अश्वजित चंद्रपूरला गेला आणि लायसन घेऊन निघाला. वाटेत चहाच्या टपरीवर तो चारचौघांना लायसन दाखवत बसला. रिनाची परतीची जीप सुटायची वेळ झालीय हे लक्षात आलं, तेव्हा स्टँडकडे पळता पळताच त्याने रिनाला फोन लावला.

तेवढ्यात समोरून भरलेली जीप निघाली. त्याने हात हलवला. जीप त्याच्या बाजूने तशीच पुढे गेली, आणि आतल्या पिशवीत वाजणारा फोन त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू आला.