टेप कंपनीचे सभासद

साखर कारखान्यात नोकरी केली की किस्से मळीसारखे साठत जातात. टाकायचे कुठं, हाच प्रश्न! मी टाइम ऑफिसात होतो, त्यामुळे माझी टाकी कायम भरलेली.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. आमचे केमिस्ट गोरे कॅन्टीनमध्ये पेपर नाचवत आले. पुण्यात कॉम्प्युटरची टेप बनवणारी कंपनी निघाली होती आणि शेअर विकत होती. "एवढ्याशा रिळात अख्ख्या तालुक्याचे सातबारे मावतील!"

संगमनेरकडचे ऊस उत्पादक किसनराव म्हणाले, "आन् उंदरानं कुरतडलं तर?"

फिटर सय्यदभाईंनी बशी खाली ठेवली. "मंग काय, तलाठ्याकडंच जायचं!"

तरी आम्ही चौदा जणांनी फॉर्म भरले. गोऱ्यांनी सांगितलेला उसाचा साखर-उतारा कधी चुकला नव्हता ना!

*

कारखान्याच्या सभासदाला दिवाळीला सवलतीची साखर मिळते. किसनराव दिवाळीच्या आधी रिकामी पिशवी घेऊन थेट पुण्याला गेले. "सभासद हाय मी. दिवाळीची टेप द्या!"

मॅनेजरनं चहा पाजला, वर एक खराब रीळ दिलं. किसनरावांनी ती टेप ज्वारीवर ताणून बांधली. "वाऱ्यावर लई वाजती, पाखरू फिरकत न्हाई!"

गोरे दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पण कंपनीचा पहिला लाभ मिळाला तो किसनरावांनाच!

*

मग नोटीस आली. टेपचं मशीन विकून कंपनी प्लॅस्टिकच्या बादल्या काढणार, त्यासाठी सभा. गोऱ्यांनी डबा उघडलाच नाही. "माझ्या शब्दावर घेतलेत तुम्ही शेअर," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

कारखान्याच्या सभेला आम्ही जसे जातो तसेच निघालो, उसाच्या ट्रकमधून, चौदाच्या चौदा. पुण्यात कंपनीच्या हॉलमध्ये टायवाले नऊ जण होते. ठरावाच्या बाजूनं नऊ हात वर झाले. विरोधात चौदा!

सेक्रेटरी घाईघाईनं उठले. "हात मोजून चालणार नाही. शेअरवर मतदान घेऊ." म्हणजे आम्ही संपलोच. टायवाल्यांकडे हजारो शेअर होते.

किसनराव उभे राहिले. "घ्या की! पर बैल इकायचा तरी आदी जुंपून दावत्यात. मशीन चालू करून दावा."

म्हातारे अध्यक्ष स्वतः इंजिनिअर. ते मशीन त्यांनीच उभं केलेलं. ते आम्हाला शेडमध्ये घेऊन गेले. कोट काढून त्यांनी सय्यदभाईंच्या हातात दिला आणि बाह्या दुमडल्या. खटका ओढताच तपकिरी टेप सरसर गुंडाळली जाऊ लागली. गोरे त्यांच्या शेजारी जाऊन वाकले. दोघांचं बोलणं सुरू झालं ते थांबेचना.

तासाभरानं सेक्रेटरी दारात आले. "सर, मतदान कधी घ्यायचं?"

अध्यक्षांनी मान वर न करता विचारलं, "कसलं?"