शिंदी की खजुरी?

शोभाबाईला हल्ली एखाद्या झाडाचं नाव विचारलं, की ती आधी आपल्याच तोंडाकडे बघते. 'तुमच्याकडं काय म्हणते याले?' असं उलट विचारते. पूर्वी अशी नव्हती. कारंज्याच्या बाजारात तिची केरसुणी जितकी पक्की, तितकीच तिची जीभ.

चाळीस वर्षं तिनं आमच्या नाल्याकाठच्या अकरा शिंदींची पानं कापून केरसुण्या बांधल्या. हात काट्यांनी भरलेले, पण झाडाचा कोंब तिनं कधी दुखावला नाही. जमीन सरकारी, तरी गाव त्यांना शोभाबाईच्या शिंदीच म्हणायचं. त्याच झाडाचा आंबलेला, नशेचा रस पिऊन पिऊन नवरा गेला, म्हणून रागावली की 'शिंदी' ही शिवीही व्हायची. दिवाळीत मात्र तिची केरसुणी लक्ष्मी म्हणून घरोघरी पुजली जायची.

गेल्या उन्हाळ्यात नाला रुंद करायचा ठरला. मोबाइल घेऊन एक पोरगा पाहणीला आला. यादीतली झाडं न तोडता सोडायची होती.

"जांभूळ आहे? करंज? खजुरी?"

"खजुरी?" शोभाबाई हसली. "बाबू, खजूर किराणा दुकानात भेटते. इथं कुठची? हे तं सारी शिंदी हाये."

मी शेजारीच उभा होतो. बारावी शिकलेला शहाणा! मीही हसलो. पोरानं मान वर करून झाडांकडे पाहिलंसुद्धा नाही. 'खजुरी नाही' अशी खूण केली आणि गेला.

आठव्या दिवशी मशीन आलं. दुपारपर्यंत अकराही झाडं आडवी.

पुढे वर्ध्याच्या एका रोपवाटिकेत कळलं, शिंदीलाच कुठे कुठे खजुरी म्हणतात. दोन दिवस मी ते पोटातच ठेवलं. मग सांगितलं. वाटलं, आता ही माझा उद्धार करणार. पण ती ओरडली नाही.

"मंग मी खोटं बोलली काय, गोपाल?"

"नाई, काकू."

"खरं बोलली?"

मला अजूनही उमगत नाही. चूक तिची, त्या पोराची, की माझ्या हसण्याची? लाज मात्र वाटते.

परवा रेशन दुकानात जायला निघाली, तर वाटेत मला थांबवून तिनं आधार कार्ड पुढे केलं.

"वाचून सांग बाबा. याच्यात शोभाच लिहेल हाये ना? दुसरं काई तं नाई?"