सगळं हिरवं दाखवणारा डॅशबोर्ड

मंगळवार, सकाळ. जळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलची मीटिंग रूम. हजर : संचालक डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. आयटी मॅनेजर नीलेश. केसपेपर काउंटरवरची वैशाली. आणि मी, बाहेरून बोलावलेली डेटाबेसवाली.

विषय एकच. आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी असोद्याच्या सिंधूबाई पाटील इमर्जन्सीत आल्या. मुलगा म्हणाला, आई पूर्वी इथंच ऍडमिट होती, कुठल्यातरी इंजेक्शनची रिऍक्शन आली होती. कुठलं, ते त्याला आठवेना. कार्ड घरी राहिलेलं. वैशालीने जुनी फाईल शोधायला घेतली. डॉक्टरांना जास्त थांबता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी इंजेक्शन दिलं. नेमकं तेच निघालं. सिंधूबाई गेल्या.

सिस्टीममध्ये फाईल उघडल्याची वेळ होती. ती इंजेक्शननंतरची होती.

"तू करत काय होतीस?" सरांनी वैशालीला विचारलं.

"सर, नाव मी लगेच टाकलं. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं."

नीलेशने लॅपटॉपवरचा डॅशबोर्ड, म्हणजे सिस्टीमचा वेग दाखवणारा फलक, माझ्याकडे वळवला. "मॅडम, सर्चची सरासरी बघा. अर्धा सेकंदसुद्धा नाही. सगळं हिरवं. केळीच्या बागेत इतकं हिरवं नसतं."

कोणी हसलं नाही. वैशालीची नोकरी त्या हिरव्या रंगावर अडकली होती. मी सरांकडे दोन दिवस मागितले.

आधी हा डॅशबोर्ड ज्या टूलवर चालतो, ते समजून घेऊ. डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला क्वेरी म्हणतात. कोणती क्वेरी किती वेळ घेते, ते हे टूल मोजतं. मात्र सारख्या साच्याचे प्रश्न ते एका ओळीत गोळा करतं. विचारलेलं नाव काढून टाकतं, तिथे प्रश्नचिन्ह ठेवतं आणि सगळ्यांची सरासरी दाखवतं. इथल्या सर्चच्या एकाच चौकटीत कार्ड नंबरही टाकतात, मोबाईलही आणि आडनावही. टूलच्या लेखी तिन्ही एकच. बहुतेक पेशंट कार्ड घेऊन येतात आणि कार्डाचा शोध झटकन लागतो. त्या गर्दीत एखादा रेंगाळलेला शोध बुडून जातो.

"सगळ्यात जास्त लागलेला वेळ दाखवणारा कॉलम कुठाय?" मी नीलेशला विचारलं.

"तो घेतला नाही. सरांना एकच आकडा हवा होता."

"त्या दिवसाचे आकडे?"

"रोज रात्री पुसले जातात. सकाळी रिपोर्ट कोरा हवा म्हणून मीच ते लावलंय." हे सांगताना तो स्क्रीनकडे बघत होता.

मी काउंटरवर वैशालीशेजारी जाऊन बसले. एक म्हातारे आबा कार्डाशिवाय आले. "पाटील, असोदा," एवढंच म्हणाले. वैशालीने 'पाटील' टाकलं. चक्र फिरायला लागलं. आबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. चक्र फिरतच होतं.

"पूर्ण नाव का नाही टाकत?"

"बाया नवऱ्याचं नाव सांगतात, पोरं बापाचं. जुन्या केसपेपरवर तिसरंच असतं. म्हणून आम्ही सगळे आडनाव टाकतो आणि यादीत गाव बघतो." वैशाली एरंडोलकडची. वैतागली की घरची बोली येते. "पण मॅडम, आठे बठ्ठा पाटीलच शेतस!" म्हणजे, इथे सगळे पाटीलच आहेत.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी चाचणीसाठी तऱ्हेतऱ्हेची आडनावं घेतली होती, म्हणून तिथे शोध कधी अडकला नाही. इथे 'पाटील' म्हटलं की डेटाबेस हजारो माणसं गोळा करतो, प्रत्येकाच्या जुन्या भेटी शोधतो, मग यादी देतो.

मी सेटिंग बदललं. तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणारी प्रत्येक क्वेरी वेगळी नोंदवायची, टाकलेल्या शब्दासकट. सरांनी हरकत घेतली.

"पेशंटची नावं अशी साठवायची?"

हरकत रास्त होती. दोनच दिवस नोंद ठेवायची, सरांनी आणि मी, दोघांनीच बघायची आणि नंतर पुसायची, असं ठरलं.

गुरुवारी या नोंदींचा लॉग उघडला. पाटील. पाटील. पाटील. मध्ये एखादा चौधरी, की पुन्हा पाटील. काही शोध मिनिटभर चाललेले.

दुरुस्ती लहान होती. आडनाव आणि गाव यांचा मिळून इंडेक्स केला, म्हणजे पुस्तकाच्या मागे असते तशी सूची. गावाचा रकाना सक्तीचा केला. आता 'पाटील, असोदा' डोळ्याची पापणी लवेपर्यंत येतं.

मी लॉग सरांपुढे ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"हे आजचं मोजमाप झालं. त्या संध्याकाळचं कुठाय?"

"ते पुसलं गेलंय, सर."

"मग त्या मुलाला मी काय दाखवू?"

वैशालीला काढलं नाही. धुळ्याच्या शाखेत बदली केली. नीलेशचा डॅशबोर्ड तसाच आहे, एक कॉलम वाढलाय.

मोजणारं टूल बसवलं की ते काय गाळतं आणि काय पुसतं, हे आधी तपासावं. मी आता तिथूनच सुरुवात करते.

माझ्या यादीतल्या जळगावच्या सगळ्या कामांवर बरोबरची खूण झाली आहे. खाली एक ओळ उरली : 'धुळे. इंडेक्स, गावाचा रकाना, लॉग.' तिथे सॉफ्टवेअर हेच, पण सर्व्हर वेगळा, परवानगी वेगळी. ती मी दोनदा मागितली, अजून आलेली नाही. काल दुपारी वैशालीचा फोन आला. मागे काउंटरवरचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, इथंही फिरतंय."