धुवणातलं प्रोटीन

संपात कुशाबाची मिल बसली ती पुन्हा उठलीच नाही. फोल्डिंग खात्यात अठरा वर्षं तो कापड उजेडासमोर धरून दोष हुडकायचा. त्या डोळ्यांना मग कुणी गिऱ्हाईक उरलं नाही. मिळेल ते काम करत शेवटी तो परळच्या एका प्रयोगशाळेत काचसामान धुवायला लागला, तोही हंगामी.

तिथल्या संशोधक कौसल्याबाई दोन वर्षं एका प्रोटीनच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. माणसाच्या पेशीत नवी प्रोटीनं बनतात, त्या कामाला सुरुवात करून देणारं हे प्रोटीन. मिलचा भोंगाच म्हणा. गाळणीच्या नळीला ते चिकटावं आणि बाकीचं धुवणाच्या पाण्यात निघून जावं, असा बेत. पण दर खेपेला नळीत ठणठणाट. महिनाअखेर काम गुंडाळायचं ठरलं. कुशाबाची नोकरीही त्याबरोबर जाणार होती. म्हणजे आणखी एकदा घरी बसायचं.

शेवटच्या तपासणीची जेलची पट्टी टेबलावर पडली होती; कुठल्या द्रवात कोणतं प्रोटीन आहे, ते तिच्यावर निळ्या रेघांनी दिसायचं. कुशाबानं सवयीनं ती खिडकीशी धरली.

"बाई, धुवणाच्या रकान्यात निळी रेघ हाय. लई फिकी, पर हाय."

कौसल्याबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. रेघ नेमकी हव्या त्या जागी होती. नळीच जुनी झाली होती, प्रोटीन धरतच नव्हती. त्यांनी मोरीकडे पाहिलं.

"म्हणजे सगळं मोरीत ओतलं आपण."

"वतलं कुठं? वतायचं काम माझं."

फोल्डिंग खात्याचा नेमच होता, साहेबाची सही झाल्याशिवाय रद्द माल हलवायचा नाही. बाईंनी धुवणावर सही कधी केली नव्हती. म्हणून त्याच्या हाती आलेल्या तिन्ही खेपांच्या बाटल्या त्यानं सहीसाठी चिठ्ठ्या लावून शीतखोलीत ठेवल्या होत्या.

ते धुवण नव्या नळीतून सोडलं, आणि तिनं प्रोटीन धरलं. चार दिवसांनी त्याचे थेंब पेशींच्या बंद पडलेल्या अर्कात पडले, आणि नवी प्रोटीनं मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा भराभर चढला.

"सुरू झालं, कुशाबा," बाई म्हणाल्या. "आता काम बंद होत नाही. तुम्हीही इथेच."

'सुरू झालं' हे दोन शब्द ऐकायला तो वर्षानुवर्षं मिलच्या फाटकाशी उभा राहिला होता. त्याला रडू फुटलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"आता प्रोटीन काढून घेतलेलं हे धुवण तरी ओता," बाई हसून म्हणाल्या.

कुशाबानं डोळे पुसले आणि बाटलीवरची चिठ्ठी पुढे केली.

"आदी सही."